नापासदादाची पेटी

आमच्या दादाला एखादी गोष्ट पसंत पडली, तर त्याने ती अजून नीट बघितलेली नाही असं समजावं. गल्लीत त्याला तोंडावर नापासदादा म्हणतात आणि पाठीमागे नुसतंच नापास. नवी पक्कड हातात घेतली, दोनदा उघडली-मिटली, नापास. शेजारच्या वेल्डरने हौसेने नवा चष्मा केला आणि दाखवायला आणला, तर याने त्याची काडी वाकवून बघितली. नापास म्हणायच्या आत ती तुटली. भरपाई द्यायची सोडून हा उलट त्यालाच सांगतो, "बघ, बरं झालं, आत्ताच कळलं." वहिनीला होकार द्यायला त्याने तीन वर्षं घेतली होती. वहिनी म्हणते, "त्या तीन वर्षांत मीच याला नापास करायला हवं होतं, पण मला तेव्हा कामं होती."

मी त्याची धाकटी बहीण. वर्कशॉप वडिलांचं होतं, आता दोघांचं आहे. दोन शटरांची जागा. उजवीकडे माझं टेबल, जळलेल्या मोटारी आणि तांब्याच्या तारेची रिळं, कारण मोटारींचं वायंडिंग मी करते. डावीकडे त्याचं राज्य. तो गोळ्या-औषधांच्या पट्ट्या भरणारी पॅकिंगची मशीनं दुरुस्त करतो. खोटं कशाला बोलू, हात चांगला आहे. पेचकसाची मूठ कानाला लावून चालत्या मशीनचा आवाज ऐकतो आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. पण ते सांगताना चेहरा असा करतो, की आजवर मशीन या एकाच माणसाची वाट बघत थांबलं होतं. त्या चेहऱ्याचा मला तीस वर्षं कंटाळा आहे.

एवढा चोखंदळ माणूस, पण स्वतःची हत्यारं कुठे ठेवायचा? एका कापडी पिशवीत. पिशवीची चेन कधीच गेली होती, तळाला वहिनीने तीनदा ठिगळ लावलं होतं. पाने, पकडी, ॲलन कीचे जुडगे, हातोडी, सगळं त्यात एकावर एक. न बघता हात घालायचा आणि नेमका दहाचा पाना बाहेर काढायचा. बघणारे तोंडात बोट घालायचे. "माझ्या हाताला डोळे आहेत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. असतील. पण पिशवीत काय आहे ते हाताला कळतं, काय नाही ते कळत नाही. एवढी साधी गोष्ट मी त्याला कितीदा सांगितली असेल. पण मी वायंडिंगवाली, मला काय कळतंय!

शेवटी व्हायचं ते झालं. औषधाच्या कारखान्यात वर्षातून एकदा दहा दिवस सगळी मशीनं थांबवून, उघडून, साफसूफ करतात. त्याला तिथे शटडाउन म्हणतात. बावीस वर्षं ते काम आमच्याकडे होतं. आमचं अर्धं वर्ष त्या दहा दिवसांवर आणि मधल्या दुरुस्त्यांवर चालायचं. मागच्या दुरुस्तीत दादा तीन नंबरच्या मशीनचं झाकण लावून ऐटीत घरी आला, आणि तेराचा पाना आत राहिला. साखळीच्या वरच्या पट्टीवर तो दोन दिवस निवांत पडून होता. तिसऱ्या दिवशी खाली पडला. दोन दातेरी चाकं फुटली आणि त्या पाळीत भरलेल्या सगळ्या गोळ्या फेकून द्याव्या लागल्या.

तिथे इंजिनिअर म्हणून नव्या मॅडम आल्या होत्या. पस्तिशीच्या, केस घट्ट बांधलेले, पायात जाड बूट, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं, पाना टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा तुमचा?"

दादाने पान्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असे पाने बाजारात हजार मिळतात."

आमच्या प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर वडिलांच्या वेळेपासून कानशीने दोन चिरा मारलेल्या असतात. त्या पान्यावरही होत्या. मला उभ्या जागेवरून दिसल्या. मॅडम काही आंधळ्या नव्हत्या. पण त्या वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. शटडाउनला दोन महिने आहेत. यायचं असेल तर पेटी घेऊन या. प्रत्येक हत्याराला त्याची त्याची जागा पाहिजे. खण उघडला आणि एक जरी कमी असलं, तर मला लांबून दिसलं पाहिजे. ही पिशवी गेटच्या आत येणार नाही."

नाहीतर काय होणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. निळ्या गणवेशातली एक पार्टी त्या कामावर केव्हापासून डोळा ठेवून होती. ते काम गेलं असतं, तर माझ्या मोटारींवर दोन शटरं उघडी राहणार नव्हती. दादाला छप्पन्नाव्या वर्षी कुणाच्या तरी दारात नोकरी मागायला जावं लागलं असतं. आणि पहिल्याच दिवशी मालकाला नापास करणाऱ्या माणसाला कोण ठेवून घेणार?

दोन महिन्यांत एक पेटी घ्यायची होती. कुणीही दोन दिवसांत घेतली असती.

पहिल्या दुकानात त्याने पेटीच्या कुशीवर अंगठा दाबला. पत्रा आत गेला आणि डब्ब करून बाहेर आला. "हा पत्रा आहे की पापुद्रा?" दुसऱ्या दुकानात खण सरकवायच्या पट्ट्यांना बेअरिंगच्या गोळ्या नव्हत्या, नुसता पत्र्यावर पत्रा. आता हे त्याने डोळ्यांनी बघून सांगितलं असतं तर चाललं असतं. पण नाही. त्याने वर्कशॉपमधून वीस किलोचं गिअरबॉक्सचं झाकण आणलं होतं, ते खणात ठेवून खण चाळीस वेळा आत-बाहेर केला. झाकण उचलून आणायला अर्थातच मी. तिसऱ्या दुकानात पेटीच्या चाकांना ब्रेक एकाच बाजूला होता. हे ठरवायला तो स्वतः पेटीवर बसला आणि मला म्हणाला, "ढकल." छप्पन्न वर्षांचा माणूस पेटीवर बसून दुकानभर फिरतोय, आणि मी मागून ढकलतेय. गिऱ्हाइकं बाजूला होऊन वाट देत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. त्याला काही नव्हतं. तो चाकांचा आवाज ऐकत होता.

असे पाच आठवडे. नववं की दहावं दुकान. तिथला दुकानदार शांत माणूस, बोलताना हातातली मापाची टेप गुंडाळत-उलगडत राहायचा. त्याने सात खणांची एक राखाडी पेटी दाखवली. पत्रा जाड. कडा आत वळवलेल्या, बोट फिरवलं तरी कापणार नाही अशा. पट्ट्यांना गोळ्या, खण शेवटपर्यंत बाहेर येणारा. दादा बघतोय, बघतोय, आणि काही बोलत नाहीये. मला वाटलं, सुटलो. मग त्याने एक खण उघडा ठेवून दुसरा ओढला. तो उघडेना.

"हे काय?"

"साहेब, एका वेळी एकच उघडतो. सगळे एकदम उघडले तर वजन पुढे येतं आणि पेटी तोंडावर पडते. म्हणून ती सोय आहे."

"म्हणजे पेटीचा माझ्यावर विश्वास नाही?"

"साहेब, तुमच्यावर नाही असं नाही, कुणावरच नाही."

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेजारी एक हलकी पेटी मांडून ठेवली होती. तिला ती सोय नव्हती, आणि नमुना म्हणून तिच्यात नट खोलायच्या गोल सॉकेटचा सेट आणि पाने लावून ठेवले होते. "वापरणारा माणूस असेल तर काही पडत नाही," असं म्हणत दादाने तिचे सहाच्या सहा खण एकामागून एक बाहेर ओढले. सहावा बाहेर आला आणि पेटी वाकून खाली आली. पाय मागे घेतला म्हणून वाचला. सगळा सेट फरशीवर, सॉकेट गडगडत मांडण्यांच्या खाली.

अर्धा तास मी, दुकानदार आणि त्याचा नोकर गुडघ्यांवर. दुकानदाराने सगळं जागच्या जागी लावलं, मोजलं आणि नेहमीच्याच शांतपणे म्हणाला, "एक कमी आहे. दहाचा सॉकेट."

दादाचा चेहरा पडला. त्या दोन महिन्यांत मी तो तेवढा एकदाच तसा बघितला. तो फरशीवर पोटावर आडवा झाला आणि हात मांडणीखाली खांद्यापर्यंत घातला. मग दुसऱ्या मांडणीखाली. दुकानदार म्हणतोय, "राहू द्या साहेब, झाडताना सापडेल," पण हा उठायला तयार नाही. शेवटी वजनकाट्याच्या मागे सापडला. शर्टाला धूळ, केसांत जळमटं, अशा अवस्थेत त्याने तो सॉकेट पुसून दुकानदाराच्या हातात दिला.

माझा पारा चढला तो तिथे. लोकांचा बोटाएवढा सॉकेट शोधायला हा पोटावर झोपतो, आणि स्वतःचा पाना समोर आला की बाजारात हजार मिळतात! रस्त्यावर आल्या आल्या मी त्याला सुनावलं.

"दादा, एकही पेटी नापास नाहीये. तुला पेटीच नकोय. पेटी घेतली म्हणजे पाना तुझा होता, हे कबूल केल्यासारखं होईल. त्याचीच भीती आहे तुला. पत्र्याला, चाकांना उगाच नावं ठेवू नकोस."

तो चालत राहिला. मी गिअरबॉक्सचं झाकण घेऊन त्याच्या मागे.

"बोल की!"

"झाकण दे इकडे," तो म्हणाला. "तुला जड होतंय."

घरी वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "अख्ख्या कारखान्याचा आवाज ऐकू येतो तुझ्या भावाला. घरात कुणी बोललं की बहिरा होतो."

शटडाउनला दहा दिवस उरले होते तेव्हा एका सकाळी गल्लीत खडखडाट ऐकू आला. बघते तर दादा रस्त्याच्या कडेने ती राखाडी पेटी ढकलत आणतोय. तीच, एका वेळी एक खण उघडणारी. दुकानदार टेम्पोने पाठवायला तयार होता, पण याला चाकं रस्त्यावर बघायची होती. दोन चौक ओलांडून आला होता. सगळी गल्ली दारात. वेल्डर चिकटवलेल्या काडीचा चष्मा वर करून म्हणाला, "काय दादा, पास?"

"बघू," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकलेली नाही.

मग फोम. वर काळा आणि खाली लाल असा दुरंगी फोम मिळतो. हत्यार त्यावर ठेवायचं, खडूने कडेकडेने आखायचं आणि काळा थर ब्लेडने कापून काढायचा. हत्यार जागेवर असलं की सगळं काळं दिसतं. उचललं की त्याच्या आकाराचा लाल खड्डा. हे काम वेल्डरच्या बायकोनेसुद्धा एका दुपारी केलं असतं. दादाने चार दिवस घेतले. प्रत्येक आकाराच्या शेजारी बोट घालायला अर्धगोल खाच. पाने उतरत्या क्रमाने. पकडींची तोंडं सगळी एका बाजूला. मी मोटारीत तार भरत होते आणि त्याच्याकडे बघून मधून मधून सुस्कारे सोडत होते. पिशवीत बावीस वर्षं ढीग करणारा माणूस आता अर्ध्या सुताने चुकलेली खाच काढून टाकून पुन्हा नवा तुकडा कापत होता.

चौथ्या दिवशी तो जेवायला गेला तेव्हा मी सगळे खण बघितले. एकेक उघडत, कारण पेटी दुसरं काही करूच देत नव्हती. काम सुंदर झालं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. दुसऱ्या खणात बारा आणि चौदाच्या मध्ये एक लाल खड्डा होता. तेराची जागा. नीट कापलेली, खाच केलेली आणि रिकामी.

मी कपाळावर हात मारून घेतला. मॅडम काय म्हणाल्या होत्या? एक जरी कमी असलं तर लांबून दिसलं पाहिजे. आणि या शहाण्याने नेमकं तेच करून ठेवलं होतं. सेटमध्ये तेरा असतो म्हणून सवयीने कापला असणार. आणि आता दुकानात जाऊन तेराचा पाना मागायचा, तर तोंड कसं उघडणार? असे पाने बाजारात हजार मिळतात ना, मग एक आणायला काय झालं! पण त्याचा हेका मला माहीत होता. तो गेटवर मूग गिळून उभा राहणार, मॅडम लाल खड्ड्याकडे बोट दाखवणार आणि आम्ही पेटीसकट घरी.

म्हणून मी गेले. त्याच टेपवाल्या दुकानदाराकडून तेराचा पाना आणला. शटडाउनच्या आदल्या दिवशी दुपारी, दादा नसताना, माझ्या टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात तो आवळून धरला आणि कानशीने दांड्यावर दोन चिरा मारल्या. माझा हात तारेचा, कानशीचा नाही. चिरा जरा तिरक्या आल्या. मग जुनं तेल आणि टेबलावरची काळी माती चोळून त्याची चमक घालवली आणि त्या जागेत बसवला. घट्ट बसला. खण लोटला, आणि खरं सांगते, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. या वर्कशॉपमध्ये डोकं कुणाचं चालतं, ते एकदा कळू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही कारखान्याच्या गेटवर. पेटी टेम्पोतून उतरवली. गेटवरच्या वॉचमनने आमची नावं वहीत लिहिली. मॅडम यादी आणि पेन घेऊन बाहेर आल्या. निळ्या गणवेशातली दोन माणसंही तिथे घुटमळत होती, आमचं काय होतंय ते बघायला.

दादाने कुलूप काढलं आणि पहिला खण उघडला. मॅडमनी मान हलवली, यादीवर खूण केली. खण मिटला. दुसरा उघडला.

दादा थांबला.

मॅडमचं बोट पान्यांवरून सरकत गेलं. "दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. सगळे आहेत." त्यांनी खूण केली. "पेटी चांगली निवडलीत. आमच्या स्टोअरमध्येसुद्धा एवढं नीट नाही."

त्याने फक्त खण लोटायचा होता. बस, एवढंच. मी वॉचमनच्या टोपीकडे बघत होते, जणू टोपी मी पहिल्यांदाच बघतेय. मिटल्याचा आवाज काही येईना. वळून बघितलं, तर दादाने तो पाना उचलला होता. अंगठा दांड्यावरून फिरवला, तिरक्या चिरांपाशी थांबला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर त्याने मला नापास करणाऱ्या नजरेने बघितलंय, त्याचं मला काही वाटत नाही. ही नजर ती नव्हती. त्यात राग असता तर मी भांडले असते. त्याने पाना माझ्या हातात दिला, आणि खणात लाल खड्डा उघडा पडला.

"मॅडम, इथे एक कमी आहे," तो म्हणाला. "ही जागा मी रिकामीच आणणार होतो. हिचा पाना तुमच्याकडे आहे. तो माझाच आहे. मशीनमध्ये मीच विसरलो. त्या दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

निळ्या गणवेशातल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. मॅडम आत गेल्या आणि तो जुना पाना घेऊन आल्या. मशीनने तो मध्येच वाकवला होता. दादाने तो खड्ड्यात ठेवून बघितला. एक टोक बसलं, दुसरं वरच राहिलं. त्याने दाबला नाही, उचलून परत मॅडमच्या हातात दिला.

"हा आता आत येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही."

त्यांनी यादी आणि पेन त्याच्यापुढे केलं. तेराच्या पुढची खूण त्याने स्वतः खोडली आणि शेजारी लिहिलं, 'नाही'. खाली सही केली. मॅडमनी ते वाचलं. मग बाजूला होऊन गेटकडे हात केला. "चला. तीन नंबरचं झाकण सकाळीच काढून ठेवलंय. आधी तेच बघा."

दादा पेटी ढकलत आत गेला. निळ्या गणवेशातली दोघं दुसरीकडे बघायला लागली. मला तर अजून आत जायला सांगितलेलंच नव्हतं, आणि हातात तो नवा पाना तसाच होता. दोन महिने मी त्याला खोटा म्हणत होते, आणि खोटं काम केलं होतं मी. तेही वडिलांच्या खुणेचं.

वॉचमनने वही उघडली. "ताई, यादीत नसलेली वस्तू आत नेता येत नाही. इथे ठेवा, जाताना घेऊन जा. पाना कुणाचा लिहू?"

"माझा," मी म्हटलं.

"काही खूण आहे का?"

"दोन चिरा आहेत. त्या मी मारल्यात, असंच लिहा."